चंद्र आणि पाटकरी

शिरूर तालुक्याला समुद्रकिनारा नाही. आमच्या तळेगाव ढमढेऱ्यातून नाकासमोर पश्चिमेला निघालं, तर अख्खा सह्याद्री ओलांडून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर पहिली लाट भेटते. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर. गावाचा समुद्राशी जो काही संबंध आहे तो आठवडे बाजारातल्या सुक्या बोंबलापुरता, आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तो बोंबीलही समुद्र पार विसरलेला असतो.

तरीही शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी किनाऱ्याचेच फोटो काढते आहे. काळ्या कातळाचा, खाचखळग्यांचा, पक्ष्यांनी गजबजलेला किनारा. पुण्यातली भाचरं फोटो बघून विचारतात, "आत्या, हे कुठलं? हरिहरेश्वर का?" मी म्हणते, टाकळी हाजी. मग ती गप्प होतात. हरिहरेश्वर त्यांनी पाहिलेलं असतं, आणि त्यांच्याच जिल्ह्यातली टाकळी हाजी त्यांच्या कानावरूनही गेलेली नसते. तळेगावचंही तेच. "तळेगाव म्हणजे दाभाडे ना?" हा प्रश्न ढमढेऱ्यांच्या तळेगावातला माणूस जन्मभर ऐकतो. मी लांब पल्ल्याची लेन्स मागवली, तीसुद्धा आधी दाभाड्यांचा पाहुणचार घेऊन मग सवडीने आमच्याकडे आली.

माझी लेक हर्णैला दिली आहे. व्याह्यांचं घर बंदराजवळ, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात घड्याळापेक्षा भरती-ओहोटी जास्त. कुठे जायचं, कधी जायचं, कालवं काढायला खडकावर कधी उतरायचं, सगळं पाण्यावर. त्यासाठी त्यांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीनला, अष्टमी असेल तर सहाला, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हा हिशोब ते चहाचा कप हातात असताना, डाव्या हाताच्या बोटांवर करतात आणि बरोबर येतो. गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण चंद्राशी थेट जोडलेलं इतकं सोपं गणित माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तर हे व्याही एकदा वैशाखात आमच्याकडे आले. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून मी त्यांना वेळ नदीवर नेलं. नदीत वाळू, गोटे, वेड्या बाभळी आणि एक उलटी पडलेली चप्पल. त्यांनी कमरेवर हात ठेवून ते सगळं नीट पाहिलं.

"विहीणबाई, ओहोटी फार लागलीय हो."

"लागलीय खरी."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

हा टोमणाच होता आणि कोकणी माणसाचा होता, म्हणजे मापात बसवलेला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. व्याही चेष्टेत बोलले ते शब्दशः खरं होतं. समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आमची वर्षातून एकदा. श्रावण-भाद्रपदात भरती, चैत्र-वैशाखात ओहोटी. हर्णैचा फोटोग्राफर एकाच खडकावर सहा तास बसला की त्याला दोन्ही मिळतात. मला त्यासाठी वर्षभर बसावं लागतं. तेव्हापासून मी वेळेचा बंधारा, भीमेचा पारगावचा पूल आणि कुकडीचं कुंड या ठरावीक जागांवर ठरावीक कोनातून पुन्हा पुन्हा फोटो काढू लागले. आणि लवकरच कळलं की या भरतीचाही एक चंद्र आहे. त्याला पाटकरी म्हणतात.

बिगर शेतकऱ्यांसाठी सांगते. नदीला पावसाळ्यात पूर येतो तो निसर्गाचा, पण दिवाळीनंतर नदीत जे पाणी दिसतं ते सोडलेलं असतं. चासकमान धरणाचा कालवा आमच्या भागात येतो. कुकडीचा तर मोठाच पसारा आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं. यांतून पाणी कधी सोडायचं, किती दिवस सोडायचं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. त्या एका सोडण्याला आवर्तन म्हणतात. बैठकीला मंत्री असतात, आमदार असतात, वरच्या तालुक्याचं म्हणणं असतं आणि खालच्या तालुक्याचं गाऱ्हाणं असतं. शेवटी पाणी सुटतं, चाऱ्यांतून आणि नद्यांतून खाली येतं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे ढापे टाकलेले असतील तर अडतं, चोरीला गेलेले असतील तर पुढच्या गावाला जातं. आणि या सगळ्या साखळीच्या टोकाला दारं वर-खाली करणारा जो माणूस मोटारसायकलवरून फिरत असतो, तो पाटकरी. आमच्या भागातला एक पाटकरी माझा विद्यार्थी आहे. तिसरीत असताना त्याला नळाची तोटी बंद करायला मी रोज सांगायचे.

आता आमच्यातला व्यवहार उलटा झालाय. मी त्याला फोन करते, "काय रे, पाणी कधी?" तो म्हणतो, "बाई, बुधवारी सुटलं तर शुक्रवारी तुमच्या फोटूत."

कुकडीचं कुंड ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा पाहावंच. मलठणवरून टाकळी हाजीला गेलात की नदी जिल्ह्याची हद्द होऊन वाहते. अलीकडे शिरूर, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. दोन्ही काठांवर मळगंगेचं देऊळ, मध्ये झुलता पूल, आणि पुलाखाली नदीने कातळात कोरून काढलेले रांजणखळगे. हात बुडेल एवढे, माणूस बुडेल एवढे, आणि त्याहूनही खोल. दगड आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून महाराष्ट्र तयार झाला, त्यातलाच. पुराच्या पाण्यात भोवरा फिरतो, भोवऱ्यात एखादा गोटा अडकतो, तो गोल गोल फिरत खालचा दगड झिजवतो. स्वतः झिजून संपला की वरून दुसरा गोटा येऊन त्याची जागा घेतो. असं किती हजार पावसाळे चाललं असेल. आजही उन्हाळ्यात खळग्यात वाकून पाहिलं की तळाशी पाच-सहा गुळगुळीत गोटे शांत बसलेले दिसतात. सुट्टी आहे, जूनमध्ये कामावर जायचंय, अशा चेहऱ्याने.

हाच दगड पश्चिमेकडे हरिहरेश्वरला समुद्रात उतरतो. तिथे प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच चालता येते आणि लाटांनी, खाऱ्या वाऱ्याने कातळाला जाळी पाडलेली दिसते. भाचरांची गफलत होते ती उगाच नाही. एकाच पठाराची ही दोन टोकं. एक समुद्राने कोरलं, दुसरं नदीने. तिकडचं कोरीवकाम पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात. इकडे रविवारी गर्दी होते ती बहुतेक कड्यावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांची. त्यांना मी मास्तरणीच्या आवाजात मागे ओढते. तो कातळ ओला असताना शेवाळावरून पाय गेला की नदी कुणाचं वय विचारत नाही.

या कुंडाचा फोटो काढायची नेमकी वेळ कोणती? पुरात गेलं तर नुसतं गढूळ पाणी, कोरीवकाम सगळं खाली. भर उन्हाळ्यात गेलं तर खळग्यांत हिरवं पाणी आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. खरी वेळ आवर्तन सरत आल्यावरची. वरून धार बारीक झालेली असते, खळगे काठोकाठ भरलेले, पाणी एका रांजणातून दुसऱ्यात सांडत असतं, आणि कातळ ओला असल्यामुळे त्याचा काळा रंग पुरता उघडलेला असतो. ही वेळ दोन दिवस टिकते. पंचांगात ती नाही. पाटकऱ्याच्या फोनमध्ये आहे.

काळ्या दगडाचं आणि कॅमेऱ्याचं मात्र जमत नाही. जगातली प्रत्येक गोष्ट सरासरी राखाडी असली पाहिजे, असं कॅमेऱ्याचं ठाम मत आहे. काळा कातळ दाखवला की तो त्याला उजळून राखेसारखा करतो, आणि त्या कातळावर बगळा बसलेला असेल तर बगळ्याच्या जागी नुसतं पांढरं भोक पडतं. मग एक्स्पोजर दोन घरं खाली आणायचं. कातळ काळा राहतो, बगळ्याची पिसं दिसतात आणि आकाश थोडं रुसतं. मला ते चालतं. आमच्या आकाशाला रुसायची सवय आहेच.

ट्रायपॉड लावून नदीत उभं राहणं हा आमच्या भागात सार्वजनिक कार्यक्रम असतो. पहिला प्रश्न ठरलेला. "मोजणी कशाची हाय?" पुणे जिल्ह्यात तीन पायांवर काहीही उभं केलं की लोकांना आधी रस्ता दिसतो, मग भूसंपादन, मग मोबदला. एका आजोबांनी मला बांधावरून बराच वेळ न्याहाळलं आणि शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, आमच्या विहिरीवरनं नका नेऊ, खालच्या अंगानं न्या." मी खंड्याचा फोटो काढतेय हे सांगितल्यावर त्यांचा संशय उलट वाढला. खंड्यासाठी कोण एवढा खर्च करेल? भीमेच्या काठी एकदा वाळूचा ट्रॅक्टर माझ्या चौकटीत शिरला. ड्रायव्हर उतरला, तावातावाने चालत आला, मग एकदम थांबला, पाया पडला आणि म्हणाला, "बाई, तब्येत बरी ना? तेवढा फोटू डिलीट करा बरं का." हाही माझाच विद्यार्थी. चित्रकलेत चांगला होता.

पारगावच्या पुलावरून भीमा मोठी दिसते, कारण मुळा-मुठेचं पाणी तिला त्याच भागात मिळतं. म्हणजे पुण्याने वापरून झालेलं पाणी. त्यावर जलपर्णी पसरते आणि तिला अतिशय सुरेख जांभळी फुलं येतात. सकाळच्या उन्हात, मागे दौंडकडच्या गुऱ्हाळांचा धूर, पुढे ही फुलं, त्यांच्या पानांवर तोल सांभाळत चालणारी पाणकोंबडी. हा फोटो जो पाहील तो म्हणतो, काय स्वर्ग आहे! फोटोला वास नसतो ही पुण्याच्या फायद्याची गोष्ट आहे.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे कडक ऊन असतं आणि तरी भीमेला पूर असतो, कारण पाऊस वर भीमाशंकरच्या डोंगरात पडलेला असतो. लोक दुपारची कामं सोडून पुलावर पाणी बघायला जातात. पाणी बघतात म्हणजे खरोखरच नुसतं बघतात. मी पाण्याकडे पाठ करून त्यांच्या चेहऱ्यांचे फोटो काढते. घटस्थापनेच्या सुमारास बंधाऱ्याच्या भिंतीवर पहिला धोबी शेपटी हलवताना दिसतो. उत्तरेतून एवढं अंतर उडून आल्याचा कसलाही थाट नाही, आल्या आल्या किडे वेचायला सुरुवात. मग ज्वारी निसवते, हुरड्याचे दिवस येतात, भोरड्यांचे थवे शेतावर उतरतात आणि गोफणी सुटतात. थंडी म्हणजे फोटोग्राफरची सुगीच. त्यामुळे तिच्याविषयी सगळेच लिहितात. मी उन्हाळ्याकडे वळते, कारण आमच्या किनाऱ्याचं खरं नाटक तेव्हा असतं. त्याची नायिका टिटवी.

चैत्रात नदीचं पात्र उघडं पडलं की टिटवी गोट्यांमध्येच चार अंडी घालते. घरटं असं नाहीच. चार खडे सरकवले की झालं. अंडी मातकट, त्यांवर काळपट ठिपके, निमुळती टोकं आतल्या बाजूला. दोन हातांवर उभं राहूनही दिसत नाहीत. दिसते ती टिटवी, कारण ती आपल्याला पाहिल्यापासून आकाश डोक्यावर घेते. दुपारी दगड तापून पाय ठेववत नाही, तेव्हा ती डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. अंडी उबवायची नव्हे, गार ठेवायची. हे मी लांबच्या लेन्समधून पाहिलं, बाभळीच्या सावलीला बसून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. आम्हा दोघींचा उपाय एकच होता.

अंडी फुटायला थोडे दिवस राहिले असावेत, तेवढ्यात पाटकऱ्याचा फोन. "बाई, उन्हाळी आवर्तन मंजूर झालंय. परवा रात्री तुमच्या बंधाऱ्यात पाणी."

मी म्हटलं, "अरे, चार-आठ दिवस थांबवता नाही का येणार? इथे टिटवीची अंडी आहेत."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, तिचा पाणी मागणी अर्ज आहे का? सात-बारा?"

त्याचंही बरोबर होतं. शिवारात कांदा सुकत होता, ऊस करपत होता, लोकांच्या विहिरींनी तळ गाठला होता. ज्यांच्यासाठी ते पाणी येत होतं त्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे. पाणी आलं. सकाळी गेले तेव्हा गोट्यांच्या जागी बंधाऱ्याचं निळं पाणी होतं, त्यावर ढग होते, आणि दृश्य म्हणून ते उत्तम होतं. मी फोटो काढला नाही. टिटवी पाण्यावरून घिरट्या घालत ओरडत होती आणि काठावर मोटारींना पाइप जोडणाऱ्या पोरांच्या आरोळ्यांत ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

पण टिटवी ही भावनाप्रधान बाई नाही. काही आठवड्यांत तिने काठाच्या वर, मुरमाड उतारावर दुसरी जागा धरली आणि पुन्हा अंडी घातली. ही बातमी मी पोचवण्याआधीच गावात पोचली. टिटवीने अंडी उंचावर घातली की त्या वर्षी पाऊस दांडगा, हा आमच्याकडचा जुना ठोकताळा. पारावर लगेच चर्चा. यंदा नदी दोन्ही थड्यांनी वाहणार, एकाने तर बियाणं जादा घ्यायचं ठरवलं. अंडी उंचावर का गेली हे मला माहीत होतं आणि पाटकऱ्याला माहीत होतं. आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही. पाऊस पुढे बरा झाला, त्यामुळे टिटवीची अब्रू राहिली. कालवा सल्लागार समितीलाही आपण हवामानाचा अंदाज वर्तवल्याचं अजून ठाऊक नाही.

हीच भरती-ओहोटी प्रचंड प्रमाणात पाहायची असेल तर चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याने भिगवणला जावं. उजनीचं धरण खाली माढा तालुक्यात, पण १९८० मध्ये ते पुरं झाल्यापासून भीमा मागे मागे फुगत इथपर्यंत आली आहे. हा आमच्या बाजूचा समुद्र. पलीकडचा काठ दिसेनासा व्हावा एवढा. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे हिशोबात न धरलेलं पाणी. त्यामुळे उजनीची पातळी शून्यावर आली तरी संपत नाही, उणे होते. उणे दहा टक्के, उणे तीस टक्के. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या जवळ गेली आणि त्याच ऑगस्टमध्ये भरून वाहिली. तिसरीच्या मुलांना उणे संख्या कळत नाहीत म्हणून आम्ही त्या वरच्या वर्गांत ढकलतो. इंदापूरकडच्या मुलांना त्या पाळण्यातच कळत असाव्यात.

पाणी मागे सरतं तसा किनारा रोज पुढे जातो. पळसदेवचं बुडालेलं देऊळ आधी शिखराने, मग खांद्याने वर येतं. मोकळ्या झालेल्या गाळात शेतकरी पेरणी करतात, त्याला गाळपेर म्हणतात. पाणी आणि नांगर यांच्या मधल्या त्या उथळ चिखलात पक्ष्यांची पंगत बसते. शेकाटे, चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, आणि ज्यांच्यासाठी पुण्यामुंबईच्या गाड्या पहाटे चारला निघतात ते रोहित. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी करून चिखल गाळतो. खोल पाणी त्याच्या कामाचं नाही. म्हणजे ओहोटी लागल्याशिवाय गुलाबी रंग नाही. पाणीटंचाईच्या बातमीने ज्याचं भलं होतं असा हा बहुधा महाराष्ट्रातला एकमेव पाहुणा, टँकरवाला सोडून.

नाव चालवणारे भोई आता पक्ष्यांचे जाणकार झाले आहेत. चिलापी पकडणारा हात तेवढ्याच सफाईने दुर्बीण पुढे करतो. पूर्वी काही जण विचारायचे, "उडवू का थवा? उडताना भारी येतो." आता बहुतेक जण विचारत नाहीत, उलट गिऱ्हाईकच आग्रह करतं आणि भोई नाही म्हणतो. मला तर उडणाऱ्या रोहितांपेक्षा वारकरी जास्त आवडतो. काळं अंग, पांढरं कपाळ, शेकड्यांनी एकत्र, कुणी फोटो काढत नाही म्हणून कसली तक्रार नाही. माझ्या भिगवणच्या फोटोंत त्यांचीच संख्या मोठी. भाचरं ते भराभर पुढे सरकवतात.

व्याह्यांना मी हे सगळे फोटो एकदा सलग दाखवले. एकाच बंधाऱ्याचे, एकाच कोनातून, भाद्रपदापासून ज्येष्ठापर्यंत. एकेक महिन्याने पाणी उतरत जातं, मध्येच उन्हाळ्यात एकदम वर चढतं, पुन्हा उतरतं. त्यांनी ते दोनदा पाहिले. भरती-ओहोटी ओळखणारा माणूस तो, मधली ती उडी त्यांनी लगेच पकडली. "हे काय? भर ओहोटीत भरती?" मग आवर्तन, समिती, ढापे, पाटकरी हे सगळं सांगितलं. कुकडीचे रांजण सांडताना प्रत्यक्ष पाहायचेत, असं त्यांनी जाहीर केलं आणि हर्णैला जाऊन फोन केला.

"विहीणबाई, तुमची भरती कधी? तिकीट काढायचंय."

"बैठक झाली की."

"बैठक कधी?"

"अधिवेशन संपलं की."

"ते कधी संपतं?"

"कामकाजावर आहे. आणि मध्ये आचारसंहिता लागली तर पुढे जाईल."

पलीकडे शांतता. ते बोटांवर काहीतरी मोजत असावेत.

"तिथी कितीही धरली तरी हे जुळत नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही त्या पाटकऱ्याचा नंबर द्या."